ताटात आहे तेवढंच

इंदिरानगर, नाशिक
३ मे २०२५

ती. लताताईंना हर्षालीचा नमस्कार.

परवा फोनवर जे झालं ते झालं. शेखर म्हणतो, "बहिणीचं ऐकू की बायकोचं? तिसऱ्या वाक्याला तुमचं भांडण जुंपतं. त्यापेक्षा लिहा. निदान एकमेकींचं वाक्य तरी पुरं होऊ द्याल." दिनेशचा टेम्पो रोज पिंपळगावहून भाजी घेऊन नाशकात येतोच, चिठ्ठ्या त्याच्या हाती. बरं. मला अंथरुणातून उठायची परवानगी नाही, लिहायची आहे.

योगिनीला तुमच्याकडे पाठवताना माझ्या जिवाचं काय झालं ते सांगत बसत नाही. आठवा लागलाय, वार खाली आहे. डॉक्टरीणबाईंनी स्वयंपाकघरापर्यंतही चालायचं नाही म्हणून बजावलंय. शेखरची अंबडला कारखान्यात शिफ्ट, कधी दिवसाची, कधी रात्रीची. नऊ वर्षांच्या पोरीला रोज चार इंजेक्शनं इथे देणार कोण? तुम्ही एका शब्दावर हो म्हणालात, ते मी विसरणार नाही.

आता शांतपणे वाचा. योगिनीच्या अंगात इन्सुलिन तयारच होत नाही. त्यामुळे ती जे खाते त्यातले कार्ब, म्हणजे पिठाचा, भाताचा, साखरेचा वाटा, मोजायचा आणि त्याला पुरेल एवढंच इन्सुलिन बाहेरून द्यायचं. पंधरा ग्रॅमला एक युनिट. एका पोळीत वीस ग्रॅम. दुपारी तीन पोळ्या म्हणजे साठ, वरण-भाजीचे मिळून पंधरा. झाले पंच्याहत्तर, म्हणून पाच युनिट. आधी इन्सुलिन, पंधरा मिनिटांनी जेवण. हिशेबापेक्षा जास्त खाल्लं तर साखर चढते, ती उतरवता येते. पण इन्सुलिन टोचून झालं आणि खाणं कमी पडलं तर साखर कोसळते, आणि तेव्हा विचार करायलाही वेळ मिळत नाही.

जेवणाआधी आणि नंतर तिची साखर बघून आकडा शेखरच्या फोनवर टाका. मी डोस कळवीन. काय किती वाढायचं आणि साखर उतरली तर काय करायचं, ते तिच्या पिशवीतल्या कागदावर लिहिलंय.

आणि हात जोडून एक सांगते. आग्रह करू नका. "माझ्या राणीला अजून एक" असलं काही नको. ताटात आहे तेवढंच खायचं, अशी तिला सवय लावायला मला दोन वर्षं लागली आहेत.

हर्षाली


पिंपळगाव बसवंत
४ मे

चि. सौ. हर्षालीस लताचा आशीर्वाद.

पोर सुखरूप पोचली. माझ्याबरोबर कांद्याच्या खळ्यावर आली होती. मी निवडणीच्या बायांवर लक्ष ठेवते ना, तर ही बी माझ्याशेजारी बसून बायांना म्हनते, "मावशी, तो सडका राहिला बघा." लय हसल्या बाया. इंजेक्शन द्यायचं म्हटल्यावर मी डोळे मिटून घेतले, तर म्हनली, "आत्या, डोळे उघडे ठेवून दे ना." अशी गुणाची पोर.

तू लिहिलंस तसं सगळं करते. पण एक बोलू? राग आला तर येऊ दे. जेवणाऱ्याचा घास मोजत नसतात. आमच्या आईनं दारात आलेल्या परक्याचं पान बी कधी मोजलं नाय. तू पिठाचा गोळा काट्यावर ठेवतेस, भात तोलतेस. आमच्याकडं कांदा तोलतात नि सोनं तोलतात. लेकराचं खाणं तोललं की त्याला दृष्ट लागते, असं आम्ही ऐकत आलो. तुझे डॉक्टर शहाणे असतील, मी नाय म्हनत नाय. पण माझ्या तोंडातून "किती खाल्लंस" हा शब्द निघायचा नाय, हे आधीच सांगून ठेवते.

आग्रह करू नको म्हणालीस. बरं बाई, तोंडाला कुलूप. काल भरीत केलं होतं. पोरीनं ताट पुसून लख्ख केलं, तरी मी "अजून हवं का" एवढं बी विचारलं नाय. जीव तुटतो गं. पण तुझा शब्द पाळला.

तू पडून राहा. उगा डोक्याला ताप करून घेऊ नको.

लताताई


इंदिरानगर
७ मे

ती. ताई,

पडून आहे, पण डोकं पडून राहत नाही. तीन दिवसांचे आकडे माझ्यासमोर आहेत. रोज दुपारच्या जेवणानंतर साखर अडुसष्ट, एकसष्ट, चौसष्ट. सत्तरच्या खाली म्हणजे धोका, हे तुम्हाला सांगितलं होतं. आणि संध्याकाळी बघावं तर अडीचशे! इथे घरी याच पाच युनिटवर असं कधी झालेलं नाही. आज मी एक युनिट कमी करणार होते, पण काय बिघडलंय तेच कळल्याशिवाय कमी करायचं म्हणजे अंधारात दगड मारणं.

म्हणून विचारते, आणि खरं सांगा. इन्सुलिन दिल्यावर ताट वेळेवर मांडता ना? की खळ्यावर व्यापारी आला की पोर बसते वाट बघत? इन्सुलिन फ्रिजमध्येच असतं ना? ती उन्हात हुंदडते का? आणि संध्याकाळचे अडीचशे कुठून येतात? कोण काय भरवतंय तिला?

तुम्ही भावकीत मला काय म्हणता ते माझ्या कानावर आलंय. "मोजून वाढणारी." म्हणा. पण ताई, मी मोजते म्हणून ती आहे. दोन वर्षांपूर्वी अतिदक्षता विभागाच्या काचेतून मी तिला चार दिवस नुसती बघत होते, तेव्हा दृष्ट कुणाची लागली होती?

हर्षाली


पिंपळगाव
८ मे

हर्षाली,

तुझी चिठ्ठी वाचली. दोनदा वाचली. पोलीस तरी जरा बऱ्या शब्दांत विचारतात.

ताट वेळेवर मांडते. घड्याळ बघून मांडते. इन्सुलिन फ्रिजात, दुधाच्या पिशव्यांच्या वरच्या फळीवर. उन्हात मी तिला सोडत नाय. नि संध्याकाळचं विचारतेस तर हो, गूळ दिला! साखर उतरली की तुझी पोर थरथर कापते, ओठ पांढरे पडतात. तेव्हा मी काय भजन म्हनत बसू? चांगला मुठीएवढा खडा दिला नि वर दूध पाजलं. तुझ्या कागदावर "तीन चमचे ग्लुकोज, मग पंधरा मिनिटं थांबा" असं लिहिलंय, पण पोर डोळ्यांदेखत कापत असताना पंधरा मिनिटं थांबणारी बाई तू असशील, मी नाय. तिथं चुकले, कबूल. यापुढं थांबेन.

बाकी सगळं तुझ्या कागदाप्रमाणे चाललंय, शब्द न् शब्द. विश्वास नसंल तर शेखरला गाडी घेऊन पाठव नि घेऊन जा आपली लेक. मी काय तिला बांधून ठेवलेली नाय.

"मोजून वाढणारी" मी म्हनलं होतं. मागं नाय घेत. पण काचेचं ते मला ठाऊक नव्हतं. शेखर आम्हाला नुसतं "ताप होता" म्हनला होता.

लता


पिंपळगाव
१० मे

हर्षाली,

शेखर म्हनला, तुला सांगायचं नाय, तुला धक्का सोसायचा नाय. पण तू आई हाय. मागून कळलं तर जन्मात माझं तोंड बघणार नाय. तर पहिलं हे वाच : योगिनी बरी हाय. आत्ता माझ्या मांडीला टेकून चित्र काढते. आता पुढं वाच.

दुपारी जेवून आम्ही खळ्यावर गेलो. मी बायांना कांदा साठवायच्या चाळी नेमून देत होते. मागं वळले तर योगिनी गोणीवर बसलेली, मान एका बाजूला. मी हाक मारली. माझ्याकडं बघितलं, पण बघितलंच नाय. मला म्हनते, "तुम्ही कोण? माझी व्हॅन आली का?" घामानं फ्रॉक चिंब. निवडणीच्या सरुबाईनं तिला धरलं, मी बोट टोचलं. एक्केचाळीस.

गिळता येतं का ते आधी बघितलं, तुझ्या कागदावर होतं तसं. मग ग्लुकोज पाजलं. नि थांबले. काय सांगू, ती पंधरा मिनिटं मी कशी काढली ते माझं मला माहीत. परत टोचलं, अठ्ठ्याहत्तर. तेव्हा म्हनली, "आत्या, तू रडतेस का?" बिस्कीट खाल्लं, अर्ध्या तासानं एकशे बारा.

चूक माझी असंल तर सांग, पायतानानं मार. पण कुठं चुकले? तू कळवलेले पाच युनिट दिले. बरोबर पंधरा मिनिटांनी ताट मांडलं. दोन पोळ्या, वरण, गवारीची भाजी, जेवढं वाढलं तेवढं सगळं संपवून उठली. एक कण बी टाकला नाय. आता याच्यापुढं मी काय करायचं?

लता


इंदिरानगर
१० मे, संध्याकाळ

ताई,

दोन? कागदावर तीन लिहिल्या आहेत. पाच युनिट तीन पोळ्यांचे आहेत.

रोज दोनच वाढत होता का? फक्त एवढंच सांगा. दिनेशला थांबवून ठेवलंय.

हर्षाली


पिंपळगाव
१० मे

हर्षाली,

हो. रोज दोन.

अगं, ताटात तीन पोळ्या कोण वाढतं? आधी दोन वाढायच्या, मग तिसरी मागून. सगळे तसंच वाढतात. तिसरी रोज टोपलीत झाकून ठेवलेली असायची, तिच्याच नावाची. मागितली असती तर गरम करून तूप लावून दिली असती. ती मागायची नाय. नि तू आग्रह करू नको म्हणालीस, म्हणून मी विचारायची नाय. नि किती खाल्लं ते मोजायचं नाय, म्हणून तुला कळवताना "कागदाप्रमाणे" असं लिहून मोकळी होत गेले. टोपलीतली पोळी संध्याकाळी कुत्र्याला टाकत होते. माझ्या हातानं. देवा रे.

तू म्हनशील, काय हा अडाणीपणा. पण तीन मी आयुष्यात एकदाच वाढल्यात, यांच्या दहाव्याच्या पानावर. तेव्हापासून माझा हात तिसऱ्या पोळीला ताटाकडं जातच नाय. मी ठरवून नाय गं केलं. माझ्या ध्यानात सुद्धा आलं नाय की मी काय करते.

आज तिला विचारलं, "बाळा, भूक राहत होती का गं?" तर म्हनली, "हो, थोडी. पण आई म्हणते ना, ताटात आहे तेवढंच."

न्यायला पाठव शेखरला. तिची पिशवी भरून ठेवते.

लता


इंदिरानगर
१२ मे

ती. ताई,

काल तुम्हाला चार पानं लिहिली. काय काय लिहिलं ते विचारू नका. "एका खुळचट समजुतीपायी माझं लेकरू" इथपासून सुरुवात होती. शेखरला सांगितलं, आत्ताच्या आत्ता गाडी काढ. तो बिचारा आधी मला जेवायला घालू म्हणून कणीक भिजवत होता. आता पोळ्याही तोच करतो, नकाशे असतात, पण भाजतो चांगल्या. आतून ओरडला, "गोळा तोलला गं. तीनच्या पिठाच्या चार लाटू ना, तू करतेस तशा?"

मी म्हटलं, मी कधी चार करते?

तो दारात येऊन उभा राहिला, पीठभरल्या हातांनी. "रोज करतेस. तीनचा गोळा तोलतेस आणि चार लहान लाटतेस. योगिनीच्या ताटात चारच असतात."

ताई, खरं आहे ते. आहारतज्ज्ञबाईंनी तीन सांगितल्या, मी कागदावर तीन लिहिल्या, तुम्हाला तीन कळवल्या. आणि माझे हात दोन वर्षं त्याच पिठाच्या चार लाटत होते. तीन वाढायच्या नाहीत, हे मला कुणी शिकवलं तेही आठवत नाही. पीठ तेवढंच, म्हणून साखर कधी बिघडली नाही आणि मला कधी कळलंही नाही. मी तुम्हाला अडाणी म्हणायला निघाले होते! ती चार पानं फाडली.

आणि तिला मागायला मी बंदी केली, तुम्हाला विचारायला मी बंदी केली. पोर भुकेली उठत होती आणि दोन्हीकडून आपण तिचं तोंड बंद करून ठेवलं होतं. हे मला तुमच्यापेक्षा जास्त लागलंय.

तर आता पोळ्यांची संख्या विसरा. कणकेचा गोळा काट्यावर ठेवा, एकशे पस्तीस ग्रॅम. त्याच्या दोन जाड करा, चार करा, तुमच्या हाताला पटेल तसं करा. आणि जेवताना तिला विचारा, पोट भरलं का. नाही म्हणाली तर द्या, आणि मला कळवा, जास्तीच्या घासाचं इन्सुलिन मी सांगेन.

पिशवी रिकामी करा. तिला राहू द्या तिथेच. खोटं कशाला सांगू? मला खूप भीती वाटते ताई. पण इथे आणली तर मी उठणार, आणि उठले तर पोटातलं जाईल. तुमच्याशिवाय मला दुसरं कुणी नाही, आणि हे मी कुरकुरत म्हणत नाही.

हर्षाली


नाशिक, दवाखाना
१६ मे, सकाळ

ताई,

पहाटे रक्तस्राव सुरू झाला. आता थांबायचं नाही, ऑपरेशन करायचं म्हणतात. थोड्या वेळात आत नेतील. बाळ लहान आहे अजून. शेखर सह्या करत फिरतोय, त्याचा फोन लागेल न लागेल.

आज दुपारचा डोस मी कळवणार नाही. तुम्ही ठरवा.

योगिनीला सांगा... काय सांगायचं ते तुम्हीच सांगा. माझ्यापेक्षा नीट सांगाल.

हर्षाली


पिंपळगाव
१६ मे, दुपार

चि. हर्षाली,

चिठ्ठी मिळाली. तू आता आत असशील. हे कुणासाठी लिहिते ते मलाच ठाऊक नाय, पण नुसतं बसवत नाय म्हणून लिहिते.

पोरीला खरं सांगितलं. म्हनलं, बाळ आजच येतंय नि डॉक्टर आईजवळ हायेत. जेवणाआधी साखर एकशे अठ्ठेचाळीस. गोळा तोलला, चार लाटल्या. तर म्हनते, "आत्या, मला जात नाहीये. दोनच खाईन." आता काय करू? शेखरला फोन लावला, उचलेना. परत लावला, परत नाय. सुई हातात घेऊन मी ओट्याशी उभी.

मग पाटीवर मांडलं. लहान दोन पोळ्यांचे तीस, वरण-भाजीचे पंधरा. पंचेचाळीस म्हणजे तीन. पाच नाय, तीन. दोनदा मांडलं, तिच्याकडून बी मांडून घेतलं. डोळे उघडे ठेवून दिलं.

वरण-भाजी खाल्ली नि एका पोळीवर थांबली. दुसरी तशीच. "खरंच जात नाही आत्या," नि डोळे भरलेले. रागवू कुणावर? पोळी बाजूला केली. कपभर दुधाचे दहा नि वर चमचाभर साखरेचे पाच, तेवढेच पंधरा होतात. दूध पाजलं. ते प्यायली. बरोबर केलं ना गं मी? विचारू कुणाला?

आता दोन तास. मी खळ्यावर गेले नाय. ती समोर पत्त्यांचा डाव मांडून बसलीये. जरा गप्प झाली की मी हाक मारते, तर वैतागली, "आत्या, मी फक्त विचार करतेय!" दर जेवणानंतर तू हे असं बसत होतीस का? दोन वर्षं? आम्हाला वाटायचं, हर्षालीला सणावाराला गप्पा मारायला येत नाय, सारखी पोरीकडं बघत बसते.

एक तास झाला. मधेच बघितली, एकशे एकसष्ट. अजून इन्सुलिनचं काम चाललेलं असतं, तू सांगितलेलं, म्हणून जीव मुठीत धरून परत बसले.

दोन तास. बोट तिनंच टोचलं. एकशे सव्वीस.

एकशे सव्वीस, हर्षाली!

त्यानंतर जरा वेळानं शेखरचा फोन आला. मुलगी झाली. पावणेदोन किलो, काचेच्या पेटीत ठेवलीये, स्वतःचा श्वास स्वतः घेते. तू शुद्धीवर आलीस, बोललीस. योगिनीनं फोन ओढून घेतला नि "रडतेय का ती? रडतेय का?" करून घर डोक्यावर घेतलं. मग फोन माझ्याकडं आला. मी वाट बघत होते. म्हनलं आता आकडा विचारंल, मग विचारंल. शेखर बाळाचं सांगत राहिला. शेवटी मीच म्हनलं, "अरे, हर्षालीनं योगिनीचा आकडा विचारला का?" तर म्हनला, "नाही. मीच तिला म्हटलं, ताईला फोन करून आकडा विचारू का? तर म्हणाली, कशाला, ताईंना माहीत आहे ना, मग झालं."

फोन ठेवला नि मी ढसाढसा रडले. योगिनी म्हनते, "आत्या, आता काय झालं?"

दिनेश हॉर्न वाजवतोय. म्हनतो, "काकू, चला की, दवाखान्यात सोडतो." लोक म्हनतील, भावजयीचं एवढं ऑपरेशन झालं नि नणंद फिरकली बी नाय. म्हनू दे. चिठ्ठी देते, मी येत नाय. सहा वाजता तिची साखर बघायची असते.

लता